‘फोन करजो’वर एम.ए.

नोकरीधंदा सांभाळून एम.ए. करणाऱ्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘कशात?’ दुसरा, ‘मराठीत?? का बरं?’ आणि तिसरा, सगळ्यात जिव्हारी लागणारा, ‘मग त्यानं पगार वाढतो का?’ एम.बी.ए. करणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. त्याचा पगार वाढणार हे गृहीतच असतं, मग भले तो वाढो की न वाढो!

मी फ्रीलान्सर. मला पगारच नाही, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नातून मी आपोआप सुटते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र दोन वर्षं देत होते. मास कॉमची डिग्री झाली, मासिकांसाठी, वेबसाइट्ससाठी ढीगभर लिहून झालं आणि मग वाटलं, ज्या भाषेच्या जिवावर आपलं वीजबिल भरलं जातं ती आतून चालते कशी, हे एकदा बघूया. रोज गाडी चालवणाऱ्यानं कधीतरी बॉनेट उघडून आत डोकवावं ना, तसं. बस, एवढंच. साक्षात्कार वगैरे काही नाही.

तर आज त्या एम.ए.च्या शेवटच्या टप्प्याबद्दल. म्हणजे लघुप्रबंध पूर्ण करणं आणि मग जाणकारांसमोर बसून त्याच्या बाजूनं लढणं. आपल्या भाषेत सांगायचं तर थिसिस आणि व्हायवा.

विषय घरापासून दोन किलोमीटरवर

एम.ए. म्हटलं की अजूनही लोकांना फक्त पेपर आठवतात. पण २०२३-२४पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नवं शैक्षणिक धोरण पदव्युत्तर वर्गांना लागू झालं आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला. तिसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिट, चौथ्याला ६. म्हणजे विषय निवडा, आराखडा द्या, माहिती गोळा करा, लिहा, बाइंडिंग करा आणि वर तोंडी परीक्षेला बसा.

आता भाषेच्या विद्यार्थ्याला विषय म्हटलं की काय सुचतं? एखादी लेखिका आणि तिच्या कथांमधलं स्त्रीचित्रण. एखादा कवी आणि त्याचा निसर्ग. मीही तशीच एक यादी घेऊन गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘तुझ्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत काय आहे ते बघ आधी.’

माझ्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत काय आहे? मनीषनगर! वर्धा रोडवरून रेल्वे लाइन ओलांडली की आमचं राज्य सुरू होतं. २०२०मध्ये पूल होईपर्यंत इथल्या माणसाची ओळख एकच होती, ‘फाटकावर अडकलोय’ असं ऑफिसला फोन करून सांगणारा. इथे यवतमाळचा इंजिनीअर, चंद्रपूरची नर्स, भंडाऱ्याचा बँकवाला आणि गडचिरोलीहून शिकायला आलेली पोरं एकाच टपरीवर तर्री-पोहे खातात. सकाळी निम्मी जनता मिहानच्या दिशेनं पळते, निम्मी बर्डीकडे. आणि सगळे आपापली बोली घेऊन आलेत. कुणाचा ‘डोळा’ वऱ्हाडाकडून येताना ‘डोया’ होऊन येतो, कुणाचा झाडीपट्टीतून ‘डोरा’ होऊन. कुणी ‘मला’ म्हणतं, कुणी ‘मले’.

ठरलं. मनीषनगरातल्या तरुण नोकरदारांच्या बोलीतली क्रियापदं. आई म्हणाली, ‘लोकांचं बोलणं ऐकायला विद्यापीठात फी भरावी लागते?’ लागते, आई.

गोऱ्या साहेबानं ऐकलेलं नागपूर

बोलीवर काम करायचं तर सुरुवात जॉर्ज ग्रिअर्सनपासून. हा ब्रिटिश सनदी अधिकारी. यानं अख्ख्या हिंदुस्थानातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं आणि त्याचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली छापून आला. आयडिया सोपी होती. सगळीकडे एकच गोष्ट द्यायची, बायबलमधली उधळ्या मुलाची, आणि ती आपापल्या बोलीत सांगायला लावायची. म्हणजे तुलना करता येते. त्या खंडात वऱ्हाडीही आहे आणि नागपुरीही. बापाकडून वाटा घेऊन घर सोडणाऱ्या त्या पोराची गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या बोलीत वाचताना मजा येते. आजही अशी कामं चालू आहेत बरं का! पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली ध्वनिमुद्रणं घरबसल्या ऐकता येतात.

माझं काम त्यापुढे अगदीच चिमुकलं. डझनभर माणसं, एक मोबाइल आणि एक वही. पण गंमत अशी की, आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टी कागदावर उतरवल्या की वेगळ्याच दिसायला लागतात.

उदाहरणार्थ, आपलं जगप्रसिद्ध ‘करून रायलो’. बाहेरचा माणूस नागपूरकराची नक्कल करताना पहिलं हेच म्हणतो. ‘करतोय’ऐवजी ‘करून रायलो’, ‘जातेय’ऐवजी ‘जाऊन रायली’. हिंदीतल्या ‘कर रहा हूँ’शी हे जुळतं, हे तर उघडच आहे. आणि का जुळू नये? १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झालं आणि १९५६पर्यंत मराठी आणि हिंदी बोलणारी माणसं एकाच प्रांतात, एकाच कचेरीत, एकाच बाजारात होती. शंभरेक वर्षांचा शेजार आहे हा. शेजारी वाटीभर साखर देतात-घेतात, तसं व्याकरणही देतात-घेतात.

पण मी खरी प्रेमात पडले ती ‘करजो’च्या. जरा विचार करा. ‘फोन कर’ म्हणजे आत्ता कर. ‘फोन करजो’ म्हणजे आत्ता नाही, नंतर, पोचलास की, वेळ झाली की. ‘ये’ म्हणजे ये. ‘येजो’ म्हणजे केव्हातरी ये, दार उघडं आहे. हे फक्त ‘प्रेमळ’ रूप नाही, त्यात चक्क वेळेचा हिशेब आहे. प्रमाण मराठीत याला एका शब्दाची सोय नाही. ‘नंतर कर हं’ नाहीतर ‘करशील ना?’ असं काहीतरी जोडावं लागतं. तिकडे गुजरातीत मात्र ‘करजो’ आहे आणि तोही असाच पुढच्या वेळेसाठी. म्हणजे ज्याला लोक गावंढळ म्हणून हसतात, ती एक नीट, नियमात बसणारी व्यवस्था आहे. विचार करा, बॉसनं ‘मेल कर’ आणि ‘मेल करजो’ असे दोन हुकूम वापरले तर कॉर्पोरेट जगातली निम्मी टेन्शन्स संपतील की नाही?

जिन्यातला फोन

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग माझ्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाचं रेकॉर्डिंग केलं. मूळचा यवतमाळकडचा, आयटीत. पहिली नोकरी त्यानं पुण्यात केली होती. तिथे एकदा डेस्कवरून आईशी बोलताना तो म्हणाला, ‘जेवून रायलो, नंतर करतो.’ आजूबाजूची टीम खो खो हसली. वाईट कुणीच नव्हतं, तो सांगत होता, सगळे मित्रच. पण दुसऱ्या दिवसापासून ‘जेवून रायला का?’ हे त्याचं नाव पडलं. त्यानंतर तिथे होता तोवर आईचा फोन आला की तो उठून जिन्यात जायचा. आता नागपुरात परत आलाय, पण सवय राहिली. आजही ऑफिसात आईचा फोन आला की पाय जिन्याकडे वळतात.

रेकॉर्डिंग संपल्यावर तो म्हणाला, ‘आवाज वापरजो. पण नाव टाकू नको.’ माझ्या प्रबंधात तो एका आकड्याच्या रूपात आहे. पण त्या रात्री ते संभाषण उतरवताना कळलं की, आपला विषय क्रियापदं नाहीये. माणूस कुणासमोर कसा बोलतो आणि कुणापासून काय लपवतो, हा आपला विषय आहे.

आणि मग मला भेटला विल्यम लबॉव्ह. पुस्तकात! हा अमेरिकन गडी आधी दहाएक वर्षं शाई बनवण्याच्या धंद्यात केमिस्ट होता. १९६१मध्ये ते सोडून भाषाशास्त्र शिकायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. (वाचताय ना, करिअर बदलायला घाबरणाऱ्यांनो?) त्यानं एम.ए.च्या प्रबंधासाठी मार्थाज विनयार्ड नावाचं एक छोटं बेट निवडलं. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची झुंबड उडायची. लबॉव्हला दिसलं की, काही बेटवासी विशिष्ट स्वरांचे उच्चार जुन्या स्थानिक पद्धतीनं, मुद्दाम केल्यासारखे ठळक करतात. कोण? तर ज्यांना बेटावरच राहायचंय, ज्यांचं बेटावर मन आहे ते. ज्यांना बाहेर पडायचंय त्यांच्या तोंडी ते उच्चार कमी. १९६३मध्ये हा अभ्यास छापून आला आणि समाजभाषाविज्ञान नावाच्या शाखेचा तो पाया मानला जातो. एका एम.ए.च्या प्रबंधातून! लबॉव्ह २०२४मध्ये गेला, पण माझ्या बिल्डिंगच्या जिन्यात तो मला रोज भेटतो.

म्हाइंभटाचा बॅकअप

लिहिणं मात्र जाम छळतं. तासभर रेकॉर्डिंग उतरवायला अख्खी संध्याकाळ जाते. दिवसा पोटापाण्याच्या डेडलाइन्स, रात्री प्रबंध. समोरच्या काकू बाल्कनीतून रोज विचारायच्या, ‘काय वं पोरी, अजून लिहूनच रायली का?’ (धन्यवाद काकू, तुम्हीही परिशिष्ट दोनमध्ये आहात.) मधे एक महिना असा आला की वाटलं, सोडून द्यावं. कुणाचं काय अडणार आहे?

तेव्हा मॅडमनी म्हाइंभटाची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकातला हा माणूस. चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करायला तो माणसामाणसांकडे गेला, विचारत, ऐकत, उतरवत. आणि प्रत्येक आठवण नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. म्हणजे फील्डवर्कही झालं आणि गाइडची सहीही! त्यातून अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ तयार झालं, तेही लोकांच्या रोजच्या मराठीत. परंपरा असं सांगते की, मूळ पोथी पुढे धाडीत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, म्हणून तिचे पाठ अनेक. पेनड्राइव्ह हरवला म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढे हे सगळे पाठ ताडून, वर्षानुवर्षं खपून डॉ. वि. भि. कोलत्यांनी १९७८मध्ये ‘लीळाचरित्र’ची संपादित आवृत्ती काढली. हे कोलते कोण? १९६६ ते १९७२ आपल्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. त्या दर्जासाठी जे जुने ग्रंथ पुढे केले गेले त्यात ‘लीळाचरित्र’ आहेच. म्हणजे साधा हिशेब असा की, सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी विदर्भातल्या माणसांचं बोलणं कुणीतरी ‘शुद्ध’ न करता उतरवून ठेवलं, म्हणून आज आपण अभिजात आहोत. आणि त्याच विदर्भातला मुलगा आईशी बोलायला जिन्यात जातो. बोला!

त्या रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला.

पंधरा मिनिटं

व्हायवाच्या दिवशी उज्ज्वलनगरहून मेट्रो पकडली, सीताबर्डीला उतरले आणि रिक्षा करून अमरावती रोडच्या कॅम्पसला पोचले. पिशवीत काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या तीन प्रती. बाइंडरनं पाठीवर माझं नाव छापलेलं. खरं सांगू? बायलाइन कितीदा छापून आली असेल, पण त्या सोनेरी अक्षरांची बातच और.

आत मॅडम, विभागातले एक सर आणि बाहेरून आलेले परीक्षक. वऱ्हाडाकडचे, केस पांढरे, चेहरा कोरा. आधी दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये काय होतं? अर्धे लोक मोबाइलमध्ये असतात आणि शेवटी ‘नाइस वर्क’ म्हणतात. इथे समोरच्या माणसानं तुमचं प्रत्येक पान वाचलेलं असतं. पेन्सिलच्या खुणा दिसत होत्या मला. घाम फुटला, पण आत कुठेतरी भारीही वाटलं. आपलं लिहिलेलं इतकं मन लावून शेवटचं कोणी कधी वाचलं होतं?

पहिला प्रश्न, डझनभरच माणसं का? सांगितलं की, मला मोजायचं नव्हतं, खोलात ऐकायचं होतं, आणि निष्कर्षही तेवढ्यापुरतेच ठेवलेत. दुसरा, समोर मोबाइल ठेवला की माणूस सांभाळून बोलतो, त्याचं काय? सांगितलं की, म्हणून प्रत्येकाला आईबापाची, शाळेची, मार खाल्ल्याची गोष्ट विचारली. माणूस गोष्टीत रंगला की मोबाइल विसरतो. हा लबॉव्हचाच फंडा. मान हलली.

मग त्यांनी प्रबंध मिटला. ‘तुम्ही म्हणता ही बोली अशुद्ध नाही, नियमबद्ध आहे. मान्य. मग हा प्रबंध तुम्ही प्रमाण मराठीत का लिहिला?’

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला तो जिना आठवला.

म्हटलं, ‘सर, प्रमाण मराठीशी माझं भांडण नाही. माझं पोट तिच्यावर आहे आणि हा प्रबंध कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या माणसालाही वाचता यायला हवा. ती सगळ्यांना जोडणारी भाषा आहे, ती मला लागते. पण जोडणारी आहे म्हणून ती मोजपट्टी होत नाही. माझ्या माणसांची वाक्यं मी जशी ऐकली तशीच ठेवलीत. एकही दुरुस्त केलेलं नाही. मला दोन्ही येतात आणि दोन्ही माझ्या आहेत, एवढंच हा प्रबंध म्हणतो.’

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे जे आत्ता बोललात ते प्रस्तावनेत नाही. टाका ते.’ सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि उठता उठता पहिल्यांदाच ‘तुम्ही’ सोडून म्हणाले, ‘सुधारित प्रत आठ दिवसांत देजो.’

देजो! आत्ता नाही, आठ दिवसांनी. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा याहून चांगला पुरावा कोणता?

तुमच्याही डोक्यात असेल तर...

कुठल्याही भाषेचं एम.ए. असो, नोकरी सांभाळून थिसिस करणाऱ्यांसाठी चार टिप्स. एक, विषय इतका लहान घ्या की लोक विचारतील, ‘एवढंच?’ हो, एवढंच. तेवढ्यालाही वर्ष पुरत नाही. दोन, रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात उतरवा, साठवून ठेवलं की डोंगर होतो. तीन, गाइडला दर पंधरा दिवसांनी काहीतरी दाखवा, मग ते दीड पान का असेना. चार, व्हायवाला जाण्याआधी स्वतःलाच सगळ्यात वाईट प्रश्न विचारून बघा. उत्तर पाठ करू नका. नुसतं ठाऊक असू द्या की आपण हे कुणासाठी केलं.

त्या जिन्यातल्या मुलाला मी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी पाठवली. त्यानं आपली पानं वाचली आणि आईलाही वाचून दाखवली म्हणे. आई म्हणाली, ‘यात काय विशेष? आपण असंच तं बोलतो.’ माझ्या मते याहून चांगला अभिप्राय कुठल्या परीक्षकाला देता आला नसता.

आणि पगार? नाही वाढला. पण आता कुणी ‘मराठीत?? का बरं?’ विचारलं की माझ्याकडे काळ्या रेक्झिनमधलं उत्तर आहे. तुम्हीही उद्या डेस्कवर बसलेले असाल, घरून फोन येईल आणि आजूबाजूला चारजण असतील. जिन्यात जाऊ नका. बसल्या जागी बोला, जसं बोलता तसं.

आणि कुणी हसलंच, तर मला कळवजो.